मुखाची घडण आणि ग्रहणाचा ठपका

बारशाच्या घरी पाळण्यापाशी जो पहिला वाद होतो तो तोंडवळ्याचा. नाक आजोबांचे, जिवणी आईची, कपाळ मात्र आत्याच्या वळणावर गेले, अशी वाटणी घटकाभरात होऊन जाते. येथे खोपटच्या एस्.टी. स्थानकात सकाळी थोडा वेळ उभे राहिले तर शेकडो तोंडे समोरून जातात. त्यांत दोन अगदी सारखी सापडावयाची नाहीत, आणि तरीही आराखडा सर्वांचा एकच: वर कपाळ, मधे नाक, नाकाखाली ती लहानशी पन्हळ, मग ओठ आणि हनुवटी. हा आराखडा केव्हा पडतो, कशाने पडतो, आणि तो पडताना एखादा सांधा जुळावयाचा राहिला तर दोष कोणाच्या माथी मारावयाचा, हा आजचा आमचा विषय आहे. प्रश्न शास्त्राचा खरा. परंतु त्याच्या पोटात एक जुना अन्याय दडलेला आहे, आणि तो आपल्या घरांतून अजून पुरता गेलेला नाही.

आरंभ आपल्याच ग्रंथापासून करू. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात एक मोठा गमतीचा वाद आहे. गर्भाचे कोणते अंग आधी होते? शौनक म्हणतो, डोके. कारण इंद्रियांचे मूळ तेथे आहे. कृतवीर्य म्हणतो, हृदय. बुद्धी आणि मन तेथे राहतात. पाराशर्य नाभीचा पक्ष घेतो, कारण गर्भाचे पोषण तेथून होते. मार्कंडेयाला हातपाय आधी हवेत, कारण चलनवलन त्यांच्यामुळे. आणि सुभूति गौतम म्हणतो, धड आधी, बाकीचे सारे त्यालाच चिकटलेले. अखेर धन्वंतरि निकाल देतो की हे सर्व चूक आहे, सारी अंगे एकदमच होतात. फक्त ती फार सूक्ष्म असल्यामुळे दिसत नाहीत. दृष्टान्त दोन, कळकाच्या कोंबाचा आणि आंब्याचा. पिकल्या आंब्यात गर, केसर आणि बाठा वेगळे दिसतात. तेच कोवळ्या फळात असूनही डोळ्यांना वेगळे काढता येत नाहीत. वैशाखात बसून हा दृष्टान्त ऐकताना तो कोणालाही पटावा असाच आहे.

हा वाद आम्ही कौतुकाने सांगत आहो, पण कौतुकाच्या भरात एक गोष्ट विसरता कामा नये. यांतील प्रत्येक मत युक्तिवादाने सिद्ध केलेले आहे, पाहून नव्हे. सुश्रुताने पाहिलेलेही पुष्कळ आहे: तिसऱ्या महिन्यात हातपाय आणि डोके यांचे पाच उंचवटे दिसतात आणि चौथ्यात अंगप्रत्यंगे अधिक स्पष्ट होतात, हे वर्णन पडलेले गर्भ पाहिल्यावाचून सुचावयाचे नाही. परंतु तिसऱ्या महिन्याच्या आधीच चेहऱ्याचे बहुतेक काम उरकलेले असते, आणि तेथवर भिंगावाचून नजर पोचणे शक्य नव्हते.

याच अध्यायात आणखी एक विधान आहे. चौथ्या महिन्यात स्त्री दोन हृदयांची होते, म्हणून तिला दौहृदिनी म्हणावे, आणि तिच्या इच्छा पुरविल्या नाहीत तर मूल कुबडे, लुळे, वाकड्या डोळ्यांचे होते. आपला ‘डोहाळे’ हा शब्द याच कुळातला. शास्त्रदृष्ट्या हे विधान टिकत नाही. पण त्यात व्यंगाचा दोष बाईवर नसून तिला हवे ते न देणाऱ्या घरावर आहे, एवढे ध्यानात ठेवावे. पुढच्या रूढीला हा उदारपणा राहिला नाही.

युरोपातही गोष्ट फारशी निराळी नव्हती. ॲरिस्टॉटलने कोंबडीची अंडी दिवसागणिक फोडून पाहिली आणि तिसऱ्या दिवशी हलणारा रक्ताचा ठिपका पाहून हृदयाच्या बाजूने कौल दिला. म्हणजे आपला कृतवीर्य तेथे जिंकला. पुढे रक्ताभिसरणाचा शोध लावणाऱ्या विल्यम हार्वेने १६५१ साली गर्भोत्पत्तीवर ग्रंथ लिहिला. त्यात त्याने सांगितले की वरच्या ओठाच्या दोन बाजू उशिरा जुळतात, आणि म्हणूनच कित्येक मुले ओठ फाटलेली जन्मतात. किती साधे आणि किती मोठे वाक्य! फाटलेला ओठ मुळात ‘फाटलेला’ नसतोच. तो न जुळलेला असतो. जे अभंग होते ते कोणी कापले नाही, जे जोडावयाचे होते ते जोडले गेले नाही. हा भेद नीट समजला असता तर सुरीकात्रीचा सगळा बाऊ तेथेच संपला असता. पण हार्वेचे म्हणणे त्या काळी कोणी मनावर घेतले नाही. पुढे शतकभर पंडितांचा मोठा वर्ग असेच मानीत होता की बीजात सगळा माणूस लहान आकारात तयारच असतो आणि तो केवळ फुगत जातो. धन्वंतरीच्या कोवळ्या आंब्याचाच हा युरोपीय अवतार. या मताला १७५९ मध्ये कास्पार वोल्फ नावाच्या तरुण जर्मनाने धक्का दिला. अंगे आधी नसतात, ती एकामागून एक घडतात, हे त्याने कोंबडीच्या अंड्यावरून दाखविले.

एकोणिसाव्या शतकात सूक्ष्मदर्शक सुधारले आणि कामाला वेग आला. १८२५ साली मार्टिन राट्के याला डुकराच्या गर्भाच्या मानेवर माशांच्या कल्ल्यांसारख्या चिरा सापडल्या, आणि थोड्याच काळात त्या माणसाच्या गर्भातही दिसल्या. १८२८ मध्ये फॉन बेअरने लिहिले की आपण मद्यार्कात ठेवलेल्या दोन गर्भांवर चिठ्ठ्या लावावयाच्या राहिल्या, आणि आता ते सरड्याचे, पक्ष्याचे की सस्तन प्राण्याचे हे सांगता येत नाही. एवढा मोठा संशोधक आपला विसरभोळेपणा ग्रंथात लिहितो आणि त्यातूनच एक नियम काढतो, याचे आम्हाला फार अप्रूप वाटते. याच्या उलट एर्न्स्ट हेकेल. कुत्रा, कोंबडी आणि कासव यांचे गर्भ किती सारखे असतात हे दाखविण्यासाठी त्याने १८६८ च्या आपल्या पुस्तकात एकच ठसा तीनदा छापला, आणि त्याची चोरी लगेच पकडली गेली. सारखेपणा खरा होता. त्याला खोट्या चित्राची गरजच नव्हती.

मानवी चेहऱ्याचा खरा इतिहास लिहिला तो विल्हेल्म हिस याने. डॉक्टरांकडून मिळालेले गर्भ घेऊन, त्यांचे अतिशय पातळ काप करून, एकेका कापाचे चित्र काढून आणि ती चित्रे पुन्हा एकावर एक रचून त्याने गर्भाची आकृती उभी केली. १८८० ते १८८५ या काळात त्याचा ग्रंथ तीन भागांत निघाला. पुढे अमेरिकेत बाल्टिमोर येथे फ्रँकलिन मॉलने असेच गर्भ जमविले. त्या संग्रहावरून पहिल्या आठ आठवड्यांचे तेवीस टप्पे ठरविण्यात आले, आणि आजही जगभर तेच वापरतात.

आता या टप्प्यांत काय दिसते ते पाहू. येथे आठवडे गर्भधारणेपासूनचे समजावेत. दवाखान्यात पाळीपासून मोजतात, त्यात सुमारे दोन आठवडे अधिक येतात. चौथ्या आठवड्याच्या अखेरीस गर्भ तांदळाच्या दाण्याहून लहान असतो. त्याला चेहरा नसतो. डोक्याच्या फुगवट्याखाली एक खळगा असतो, तेच पुढचे तोंड. त्या खळग्याभोवती पाच उंचवटे उठतात: वर एक, कपाळाचा आणि नाकाचा, दोन्ही बाजूंना वरच्या जबड्याचा एकेक, आणि त्यांच्याखाली खालच्या जबड्याचा एकेक. खालचे दोन आधी एकमेकांना भेटतात, म्हणून हनुवटी व खालचा ओठ सर्वांत आधी तयार होतात. वरच्या उंचवट्यावर दोन जाड चकत्या उमटतात, त्या खोल जातात आणि नाकपुड्यांचे खळगे होतात. प्रत्येक खळग्याच्या आतल्या व बाहेरच्या अंगाला काठ उभा राहतो. मग गालांचे उंचवटे दोन्हीकडून मध्याकडे सरकू लागतात आणि आतले दोन काठ एकमेकांजवळ ढकलले जातात. सहाव्या-सातव्या आठवड्यात हे सारे एकमेकांना चिकटतात आणि वरचा ओठ पुरा होतो. या काळात डोळे माशासारखे दोन बाजूंना असतात, ते पुढे येतात. कान मानेशी असतात, ते वर चढतात. आठव्या आठवड्याच्या शेवटी गर्भ जेमतेम तीन सेंटिमीटरांचा असतो, पण त्याच्याकडे पाहून कोणीही म्हणेल की हा माणूस आहे.

या जुळणीच्या खुणा आपल्या सर्वांच्या तोंडावर आहेत, शोधण्यासाठी प्रयोगशाळेत जावे लागत नाही. नाकाखालची पन्हळ म्हणजे मधल्या भागाची जागा. तिच्या दोन कडांपाशी बाजूचे भाग येऊन भिडले. वरचे पुढचे चार दात ढोबळ मानाने या मधल्या भागाच्या हाडात येतात. हे वेगळे हाड माणसात नसतेच असे पंडित म्हणत. त्याची खूण माणसाच्या कवटीत १७८४ साली दाखविली ती जर्मन कवी ग्योटे याने! रडताना नाक का वाहते? नाकाचा बाहेरचा काठ आणि गालाचा उंचवटा यांच्यामधल्या खाचेतूनच अश्रूंची नळी तयार होते, आणि ती नाकात उघडते. दातांच्या डॉक्टरांनी खालच्या जबड्यात सुई टोचली की खालचा ओठ बधिर होतो, वरचा मात्र जागा राहतो; कारण कपाळ, गाल आणि हनुवटी यांच्या जाणिवेच्या शिरांचे तीन फाटे अजूनही जवळजवळ त्या जुन्या उंचवट्यांच्या हद्दी पाळतात. मासे ज्या कमानींवर कल्ले बसवितात, त्यांतल्या पहिलीने आपला जबडा घडविला आणि पहिल्या दोघींनी मिळून कानातली तीन चिमुकली हाडे दिली.

हे उंचवटे कशाचे बनलेले? येथे एका बाईची कथा सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. गर्भाच्या पाठीवर मेंदूची व मज्जारज्जूची नळी मिटत असताना तिच्या काठावरून काही पेशी सुटतात आणि प्रवासाला निघतात. त्यांना ‘न्यूरल क्रेस्ट’ म्हणतात. ज्यूलिया प्लॅट नावाच्या अमेरिकन संशोधिकेने १८९३ मध्ये सांगितले की डोक्याची कूर्चा बाहेरच्या थरातून आलेल्या पेशींपासून होते. त्या काळचा सिद्धान्त असा की हाड आणि कूर्चा फक्त मधल्या थरापासूनच होणार. बाईंचे म्हणणे उडवून लावण्यात आले, त्यांना विद्यापीठात जागा मिळाली नाही, आणि पुढे त्या कॅलिफोर्नियातल्या एका गावच्या महापौर झाल्या. १९६९ मध्ये फ्रान्समध्ये निकोल ल द्वारँ यांनी लाव्याच्या पेशी कोंबडीच्या गर्भात घालून त्यांच्या वाटा निश्चितपणे शोधण्याची युक्ती काढली, आणि मग वादाला जागा राहिली नाही. आपल्या चेहऱ्याची बहुतेक हाडे अशा प्रवासी पेशींची आहेत.

इतक्या हालचाली इतक्या थोड्या दिवसांत आणि इतक्या लहान जागेत होतात, तेव्हा कधी एखादी राहून जाते. गालाचा उंचवटा मधल्या भागाला भिडला नाही तर ओठाला एका बाजूला फट राहते. दोन्हीकडे तसे झाले तर दोन फटी. टाळूची गोष्ट निराळी. तिच्या दोन फळ्या प्रथम जिभेच्या दोन्ही अंगांना उभ्या लोंबत असतात. जीभ खाली बसली की त्या कवाडांसारख्या वर येऊन आडव्या होतात आणि पुढून मागे जुळत जातात. हे काम बाराव्या आठवड्यापर्यंत चालते. मुलींमध्ये ते मुलांपेक्षा सुमारे एक आठवडा उशिरा होते, आणि बहुधा म्हणूनच नुसती टाळू दुभंगलेली असणे मुलींत अधिक आढळते. ओठाची फट मात्र मुलग्यांत अधिक, आणि तीही डाव्या बाजूला अधिक. दर सातशे ते हजार जन्मांमागे एक मूल असे येते, म्हणजे व्यंग विरळा नव्हे. अशा मुलाला आईच्या छातीशी नीट ओढता येत नाही, दूध नाकावाटे परत येते, आणि हुशार सुईण किंवा परिचारिका जवळ नसेल तर ते उपाशी राहून खंगते. मोठे झाल्यावर बोलणे गेंगाणे होते. शाळेतली पोरे काय करतात ते सांगावयास नको.

आणि आता तो अन्याय. असे मूल जन्मले की घरातली पहिली चौकशी आईची होते. ग्रहणात विळी हातात घेतली होतीस का? भाजी चिरलीस का? सुईदोरा धरलास का? बिचारी आठवू लागते. आणि नऊ महिन्यांत कोणत्या बाईने विळी हातात घेतली नसेल? म्हणून तिला काहीतरी आठवतेच, आणि ती जन्मभर स्वतःला अपराधी मानते. काही ठिकाणी प्रकरण माहेरी पाठविण्यापर्यंत जाते.

या समजुतीचा पडताळा घेणे अवघड नाही. २६ डिसेंबर २०१९ चे सूर्यग्रहण ठाण्यातून खंडग्रास दिसले होते. त्या दिवशी या जिल्ह्यात हजारो स्त्रिया गरोदर असणार, आणि त्यांतल्या बहुतेकींना चौथा, सहावा, आठवा असे महिने असणार. त्यांच्या मुलांचे ओठ केव्हाच जुळून गेले होते. जुळलेला ओठ विळीने उकलत नाही. ज्यांचा जुळावयाचा होता त्यांतल्या कित्येकींना आपण गरोदर आहोत याची खात्रीही नव्हती. आणि ज्या वर्षी आपल्याकडे ग्रहण दिसतच नाही, त्या वर्षीही अशी मुले येतातच; ती वासरांत आणि कुत्र्यांतही येतात.

याहून मौजेची गोष्ट मेक्सिकोची. तेथील जुन्या ॲझ्टेक लोकांची समजूत अशी की ग्रहण म्हणजे चंद्राचा घेतलेला घास, आणि गरोदर बाईने ते पाहिले तर मुलाच्या ओठाचाही घास जातो. येथवर आपलेच घर वाटते. पण त्यावर त्यांचा उपाय कोणता? ज्वालामुखीच्या काचेचे पाते बाईने पोटाशी बाळगावे! आपल्याकडे ज्या पात्याने मूल बिघडते, त्याच पात्याने तेथे ते वाचते. इंग्लंडात ग्रहणाच्या जागी ससा होता. गरोदर बाईला ससा आडवा गेला की मुलाचा ओठ सशासारखा होतो असे मानीत, आणि इंग्रजीत या व्यंगाचे जुने नावही सशावरूनच पडले आहे. तीन देशांत कारणे तीन, पण दोषी एकच, ती म्हणजे आई.

खरी कारणे अनेक आहेत आणि ती एकमेकांत गुंतलेली असतात. काही घराण्यांत विशिष्ट जनुकांतला बदल पिढ्यान्‌पिढ्या चालत येतो, आणि तो बापाकडूनही येऊ शकतो. फेफऱ्यावरची काही औषधे, धूम्रपान, आधीपासूनचा मधुमेह यांनी धोका वाढतो. फॉलिक ॲसिडच्या गोळ्यांचा उपयोग मणक्याच्या व्यंगांवर निर्विवाद ठरला आहे. ओठाच्या बाबतीत पुरावा तितका पक्का नाही, पण गोळी घ्यावयाची ती दोन्हींसाठी एकच, आणि ती दिवस जाण्याच्या आधीपासून घ्यावयाची. निर्व्यंग आईबापांना असे एक मूल झाले तर पुढच्या मुलाला तो धोका शंभरात सुमारे चारांचा. म्हणजे शहाण्णव वेळा काही होत नाही. पुष्कळदा मात्र कोणतेही एक कारण बोट ठेवून दाखविता येत नाही.

दुरुस्तीचा इतिहास आपल्याला अधिक जवळचा आहे. सुश्रुताने गालाची कातडी पानाच्या मापाने कापून नाक जोडण्याची रीत सांगितली आणि ओठालाही तीच लावली, फक्त नाकपुडीतल्या नळ्या वगळून. ही विद्या पुस्तकांतून नव्हे तर हातांतून टिकली. १७९२ च्या टिपूवरील मोहिमेत इंग्रजांकडे बैल हाकणारा एक मराठा शेतकरी पकडला गेला. टिपूच्या लोकांनी त्याचे नाक आणि एक हात कापला. इंग्रजी कागदांत त्याचे नाव कावसजी असे पडले आहे. वर्षभराने पुण्याजवळच्या एका कुंभाराने, इंग्रज त्याला वीटकरी म्हणतात, त्याला नवे नाक बसविले. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून माप घेतले, तो कपाळावर पसरून रेघ ओढली, तेवढी कातडी सोडवून भुवयांमधल्या बारीक पट्टीवर फिरवून खाली आणली, काताच्या लेपाने चिकटविली, आणि सुमारे पंचवीस दिवसांनी ती पट्टी कापली. लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये ऑक्टोबर १७९४ ला हा वृत्तान्त चित्रासह छापला गेला, १८१४ मध्ये कार्प्यू या इंग्रज शस्त्रवैद्याने तीच रीत वापरली, आणि जगभर तिला भारतीय पद्धत हे नाव पडले. कुंभाराचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. त्याने नाकासाठी कातडी कपाळाची घेतली. गर्भातही नाक आणि कपाळ एकाच उंचवट्यातून येतात, हे त्याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

स्वातंत्र्यानंतर या कामाचे केंद्र नागपूर झाले. तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. बालकृष्णन यांनी या शस्त्रक्रियेचा स्वतंत्र विभाग उभारला, देशातल्या अगदी पहिल्यांपैकी एक. १९७५ साली त्यांनी या व्यंगांची जी वर्गवारी प्रसिद्ध केली ती नागपूर वर्गवारी म्हणूनच शिकविली जाते: पहिला गट ओठाचा, दुसरा टाळूचा, तिसरा दोन्हींचा. इतकी सोपी की तालुक्याच्या डॉक्टरालाही तोंडपाठ व्हावी. आणि गर्भात ओठ व टाळू दोन वेगळ्या वेळी जुळतात या गोष्टीवरच ती उभी आहे. आणखी जवळचे सांगावयाचे तर लहान मुलांच्या तपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरला सुरू झाला, आणि पालघर त्या वेळी आपल्याच ठाणे जिल्ह्यात होते. अंगणवाड्यांत व शाळांत फिरणाऱ्या त्याच्या पथकांनी शोधावयाच्या जन्मजात व्यंगांच्या यादीत दुभंगलेला ओठ आणि टाळू आहेत, आणि सापडलेल्या मुलाचे उपचार विनामूल्य व्हावेत अशी योजना आहे.

असे मूल जन्मले तर पहिले काम दूध पोटात जाण्याचे. मुलाला उभे धरून, काढलेले दूध वाटी-चमच्याने किंवा आपल्या जुन्या बोंडल्याने थोडे थोडे पाजावे आणि मधूनमधून ढेकर काढावी. शस्त्रवैद्यांचा दहाचा एक जुना नियम आहे: वय दहा आठवडे, वजन दहा पौंड आणि रक्तातले हिमोग्लोबिन दहा ग्रॅम झाले की ओठ शिवावयास हरकत नाही. टाळूचे काम साधारण नऊ महिने ते दीड वर्षाच्या दरम्यान, म्हणजे मूल बोलू लागते त्या सुमारास. त्यानंतर उच्चार शिकविणारा आणि दात सरळ करणारा, दोघांचीही गरज लागते. टाके काढले की काम संपले असे समजून पुष्कळ पालक येथेच थांबतात, आणि मुलाचे बोलणे गेंगाणेच राहते. ओठाचा टाका मात्र चांगला शस्त्रवैद्य पन्हळीच्या कडेवरूनच नेतो, जेथे तो सातव्या आठवड्यात आपोआप पडावयाचा होता.